मेटाडोरमधलं घर : रामटेक, नवेगावबांध, वडसा

काकांची मेटाडोर मूळची भाजीपाल्याची. नागपुरात कळमन्याच्या बाजारात तिनं वर्षानुवर्षं कांदे-बटाटे वाहिले आणि मग एका गोडाउनच्या मागे टायर बसलेल्या अवस्थेत ती उभी राहिली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर काकांनी ती घेतली, नागपूरलगतच्या वाडी गावातल्या एका बॉडीवाल्याकडे नेली आणि तिच्यात घर बसवलं. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांखाली पेट्या, मधे फळी टाकली की पलंग. बाजूच्या दाराशी छोटा ओटा आणि दोन बर्नरची शेगडी. छताला आतून सागाच्या पट्ट्या. बाहेरचा फिकट पिवळा रंग मात्र काकांनी हट्टानं तोच ठेवला.

घरासाठी हीच गाडी का, याचं उत्तर तिच्या आतल्या जमिनीत आहे. हँबर्गच्या टेम्पो कंपनीची ही रचना परवान्यानं पुण्याच्या बजाज टेम्पोकडे आली. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स. गाडी ओढली जाते पुढच्या चाकांनी. त्यामुळे इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा पोटाखाली नाही आणि आतली जमीन चांगलीच खाली येते. काकू साठीच्या पुढच्या, गुडघे दुखतात, तरी एका पायरीत आत. जनरल मोटर्सनं अमेरिकेत १९७३ ते १९७८ या काळात जी मोटरहोम बनवली, तिच्यातही हीच युक्ती होती : पुढची चाकं ओढणारी, मागचं घर जमिनीलगत. ती गाडी आज तिकडे हौशी लोक जीव लावून जपतात. आपल्याकडे मेटाडोर भंगारात जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी गाडी चुलतभावाची बोलेरो, आणि तिच्यामागे त्यानं स्वतः बनवून घेतलेला थेंबाच्या आकाराचा ट्रेलर. डिसेंबरात सगळ्यांच्या सुट्ट्या जुळल्या. काका-काकू, मी आणि नवरा, भाऊ-वहिनी आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा असे निघालो.

पहिला दिवस : नागपूर ते खिंडसी

सकाळी तर्री-पोहे खाऊन कामठी रस्त्याला लागलो. थंडी चांगलीच होती. डिझेल इंजिन जुनं, चावी फिरवली की लगेच सुरू होत नाही. आधी हीटर द्यावा लागतो. काका हँडलवर हात ठेवून, डोळे मिटून मनात आकडे मोजतात आणि मग स्टार्टर मारतात. इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे, झाकणाखाली. झाकणावर जाडी चादर घडी करून टाकली होती आणि काकू कन्हानच्या पुलापर्यंत त्यावर हात शेकत बसल्या.

मनसरला वळून रामटेक. गडावर पायऱ्यांनी चढलो. वाकाटकांच्या काळातली देवळं, वरून दिसणारी तळी आणि शेतं यांवर पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून मी थांबत नाही. मला लिहायचंय ते काकूंनी पायथ्याशी सांगितलेलं. त्यांचं माहेर मौद्याकडचं. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला त्यांची आजी दमणीनं रामटेकला यायची. दमणी म्हणजे आपल्याकडची छत असलेली हलकी बैलगाडी आणि तणस म्हणजे धानाचा पेंढा, शहरातल्या वाचकांसाठी सांगून ठेवते. "खाली तणस, तणशीवर गादी, गादीवर आम्ही पोरं," काकू म्हणाल्या. "पीठ-मीठ पाठीमागं टांगलेलं. बैल सोडले का दमणीची सावली पडे तिथं चूल मांडायची. यात्रा संपेपर्यंत तेच घर."

मुक्काम खिंडसी तलावाजवळ एका आवारात, मालकाची परवानगी घेऊन. आणि इथे भावाचा ट्रेलर उघडला.

हा ट्रेलर चार फूट रुंद, आठ फूट लांब. हे माप प्लायवुडच्या शीटचं आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत असे ट्रेलर लोक घरी बनवू लागले, मासिकांत त्यांचे नकाशे छापून यायचे आणि शीट कमीत कमी कापावी लागावी म्हणून हेच माप रूढ झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या उरलेल्या मालातली जीपची चाकं आणि ॲल्युमिनियमचे पत्रे त्यांना लागले. आत फक्त झोपायचं. उभं राहता येत नाही, बसता येतं. मागचा भाग झाकणासारखा वर उचलला की त्याखाली स्वयंपाकघर. भावानं तिथे पितळी डबे बसतील असे खण केलेत. एका खणाला आतून जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी लावलीय, म्हणजे खड्ड्यात डबा वाजत नाही. झाकण उचललं की तेच छप्पर होतं, वरून दव पडलं तरी चुलीवर पडत नाही.

संध्याकाळी रोडगे. जाडसर कणकेचे पापुद्रे घातलेले गोळे काकांनी गोवऱ्यांच्या आरावर भाजले, राख झटकली, फोडून त्यात तूप ओतलं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. भाजी वहिनीनं ट्रेलरच्या मागच्या ओट्यावर केली. शेजारच्या शेताचा राखणदार धुराच्या वासानं आला आणि जेवूनच गेला. मेटाडोरमधला ओटा त्या संध्याकाळी कोणी वापरलाच नाही. आत उभं राहून फोडणी देणाऱ्याची पाठ सगळ्यांकडे होते. ट्रेलरच्या मागे उभी राहिलेली वहिनी मात्र गप्पांच्या मधोमध होती.

झोपायची व्यवस्था : काका-काकू आणि नातू मेटाडोरमध्ये, भाऊ-वहिनी ट्रेलरमध्ये, आम्ही दोघं तंबूत.

थंडीत असं झोपणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. एक, खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. तिघांच्या श्वासाची वाफ रात्रभर पत्र्यावर आणि काचेवर साचते आणि पहाटे पांघरुणावर ठिबकते. दुसरी जास्त महत्त्वाची : ऊब हवी म्हणून कोळशाची किंवा गॅसची शेगडी बंद गाडीत कधीही पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सिलेंडरही रात्री बाहेर काढून ठेवावा.

दुसरा दिवस : भंडारा, लाखनी, नवेगावबांध

मौद्यावरून भंडाऱ्याच्या रस्त्याला लागलो. ट्रेलर जोडलेल्या बोलेरोचा वेग काकांनी ठरवून दिला होता, ताशी पन्नास. ट्रेलरचं एक शास्त्र भावाकडून शिकले ते सांगते. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा. मागे जड झाला तर ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि वेग वाढला की ओढणाऱ्या गाडीलाही हलवतो. म्हणून पाण्याचे कॅन मागच्या स्वयंपाकघरात कधीच भरायचे नाहीत, चाकांच्या थोडं पुढे ठेवायचे. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. गर्दीच्या ढाब्यावर जाण्याआधी मोकळ्या मैदानात याचा सराव हवा. आणि ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी लागते.

भंडाऱ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला गाडीलोहारांचा, म्हणजे गाड्या घेऊन फिरणाऱ्या भटक्या लोहारांचा, मुक्काम दिसला आणि काकांनी आपण होऊन गाडी बाजूला घेतली. पालं होती, आणि एका पालाशेजारी त्यांची ती जड, खिळ्यांनी आणि पत्र्याच्या नक्षीनं मढवलेली गाडी. चितोडचा किल्ला पडल्यावर, परत मिळेपर्यंत घरात राहायचं नाही अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असं हे लोक सांगतात. १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभानं चितोडगडात नेलं. तरी पुष्कळ कुटुंबं रस्त्यावरच राहिली.

एक आजी भाता ओढत होत्या, सून घण मारत होती. आम्ही एक तवा आणि उलथनं घेतलं. आजींनी मेटाडोरच्या दारातून आत वाकून पाहिलं, बाकाखालच्या पेटीचं झाकण उघडून बंद केलं, कडी दोनदा ओढून बघितली. "कडी कच्ची आहे," म्हणाल्या, आणि सुनेला सांगून तिथेच लोखंडाची एक नवी कडी करून दिली. पैसे विचारले तर तव्यातच आले म्हणाल्या. त्यांच्या गाडीत धान्य, अवजारं आणि अंथरुणं यांच्या जागा ठरलेल्या होत्या आणि वर बाज उलटी ठेवलेली. आत राहायला जागा अशी नव्हतीच. जगणं सगळं गाडीभोवती : एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला चूल, चाकाला बांधलेली शेळी.

लाखनी सोडली आणि मेटाडोरच्या काट्यानं तापमान वर दाखवलं. काकांनी लगेच बाजूला घेतली. रेडिएटरचा वरचा होज पाइप क्लिपजवळ चिरला होता. असा जुना पाइप कुठे मिळणार, या काळजीत आम्ही असताना रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधला मिस्त्री हात पुसत आला. गाडीकडे बघून त्याचा चेहरा उजळला. "माझ्या बापानं जिंदगीभर हीच चालवली भाऊ. साकोली ते तुमसर, धानाची पोती." त्यानं चिरलेलं टोक कापलं, दुसऱ्या गाडीचा जवळच्या मापाचा तुकडा आणला, दोन जुबिली क्लिपा घट्ट आवळल्या. इंजिन गार होईपर्यंत काकांना झाकण उघडू दिलं नाही. जुन्या गाडीचं हे मोठं सुख आहे. तिच्यात दिसतं, हाताला लागतं आणि रस्त्यावरच्या कुठल्याही चांगल्या मिस्त्रीला ती कळते. तरी जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यानं सोबत ठेवावं : होजचा तुकडा, वेगवेगळ्या मापाच्या क्लिपा, फॅनबेल्ट, फ्यूज, दहा लिटर पाणी आणि चाकाखाली लावायला लाकडी गुटके. गुटके मुक्कामाच्या जागी गाडी सपाट करायलाही लागतात. डोकं उताराकडे राहिलं तर झोप येत नाही.

कोहमाऱ्याहून आत वळलो तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. धानाची कापणी झालेली, बांध्यांमध्ये खुंट, खळ्यांवर पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग. वाटेत ज्या ज्या गावात हळू झालो तिथं पोरं मागे धावली. एका म्हाताऱ्या बाबांनी हात करून थांबवलं आणि ट्रेलरकडे बोट दाखवून विचारलं, "हे का होय जी?" भावानं झाकण उघडून दाखवलं. बाबांनी शेगडी, डबे, आतली गादी बघितली. "म्हणजे दमणीच होय," ते म्हणाले, "बैल नाही तेवढे."

तिसरा दिवस : नवेगावबांध

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. सात डोंगरांच्या मधलं पाणी अडवून तयार झालेला हा जलाशय आजही शेतीला पाणी देतो. भंडारा-गोंदियातले असंख्य तलाव या कोहळी समाजाच्या हातचे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि इथले पक्षी मराठी वाचकांच्या ओळखीचे झाले. धुक्यात पहाटे बांधावर उभे राहिलो. आधी नुसता आवाज, मग धुकं उचललं तशी बदकं दिसू लागली. नातवानं आजोबांची दुर्बीण नाश्त्यापर्यंत कोणाला दिली नाही.

इथे स्पष्ट सांगायला हवं : जंगलात, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, कुठेही गाडी लावून झोपता येत नाही आणि झोपूही नये. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. मुक्काम निवासाच्या आवारात, परवानगी आणि पावती घेऊन करावा. आवाज नाही, मोठे दिवे नाहीत, खरकटं उघड्यावर नाही.

आमच्या शेजारी एक नवी, बसच्या आकाराची कॅराव्हॅन लागली होती. राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून अशा गाड्या अधूनमधून दिसतात. त्या कुटुंबानं आपुलकीनं आत बोलावलं. एसी, टीव्ही, फ्रिज, शॉवर, गडद काचा. सगळं नीटनेटकं आणि म्हाताऱ्या माणसांसाठी, आजारी माणसांसाठी फार सोयीचं, हे मी मनापासून म्हणते. पण जनरेटर चालू असेपर्यंत ते आत आणि तलाव बाहेर. दुपारी त्यांच्या आजी खुर्ची घेऊन आमच्याकडे आल्या त्या संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. वहिनी झिंग्यांची चटणी वाटत होती, त्यात मीठ-तिखट किती हे त्यांनीच ठरवलं.

रात्री भावानं नातवाला आणि त्या शेजारच्या मुलांना मोबाइलवर जुन्या गाड्यांचे फोटो दाखवले. ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेल्या डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यात हौसेसाठी बनवून घेतलेली 'वाँडरर' : दोन घोडे ओढायचे, आत पुस्तकांचं कपाट, आणि अरुंद रस्त्यावर समोरच्यांना सावध करायला एक नोकर तीनचाकी सायकलवर पुढे. मग फोक्सवॅगनची १९५० ची व्हॅन आणि तिच्यात वेस्टफालिया कंपनीनं १९५१ पासून बसवायला घेतलेलं सामान. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातून निघालेली तरुण पोरं याच व्हॅनमधून भारतापर्यंत येत होती. मुलांना सर्वांत आवडली ती चकचकीत ॲल्युमिनियमची एअरस्ट्रीम. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिन्ही अंतराळवीरांना काही रोगजंतू आले असतील या भीतीनं बंद ठेवलं होतं, ते एअरस्ट्रीमच्याच ट्रेलरमध्ये फेरफार करून बनवलेल्या घरात. खिडकीच्या आत ते तिघे आणि बाहेर राष्ट्राध्यक्ष निक्सन, असा तो फोटो. नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यांना बाहेर चूल मांडता नाही आली?"

चौथा दिवस : वडसा, झाडीपट्टीची रात्र

अर्जुनी मोरगावावरून वडशाला. दिवाळीनंतर या भागात, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, नाटकांचा हंगाम असतो. मंडई म्हणजे इथली जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशात ओळीनं आहेत. झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आम्ही जवळच्या एका गावातल्या प्रयोगाला गेलो.

नाटकाआधी मी मंडपामागे गेले, कारण तिथे कंपनीची गाडी उभी होती. जुनी मिनी बस, मागच्या सीटा काढलेल्या. आत पेट्या एकावर एक, दोरीवर टांगलेले शालू आणि फेटे, कोपऱ्यात हार्मोनियम गोधडीत गुंडाळलेली. मागच्या दाराला आतून आरसा ठोकला होता. दार उघडलं की आरसा बाहेर येतो, वर एक बल्ब, आणि नट-नट्या जमिनीवर उभ्या राहून मेकअप करतात. भावानं तो आरसा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या ट्रेलरच्या झाकणाची तीच कल्पना, इथे कोणीही नकाशा न बघता केलेली.

नायिकेचं काम करणाऱ्या बाई एका हातानं काजळ घालत, दुसऱ्या हातात चहाचा कप धरून बोलल्या. "दिवाळी झाली का होळीपर्यंत हेच घर जी. दिवसा झोपा, रात्री नाटक, मधात प्रवास. लेकरू लहान होतं तवा या पेट्यावर निजवत होती मी त्याले." ज्या पेटीवर हात ठेवला तिचा पत्रा मधे खोलगट झाला होता.

नाटक दहाच्या पुढे सुरू झालं आणि पहाटेपर्यंत चाललं. खाली तणस, अंगावर घोंगडी, मधल्या वेळात गरम मुंगोडे. काका-काकू शेवटच्या अंकापर्यंत जागे होते. जाणाऱ्यांनी खूप गरम कपडे न्यावेत आणि बसायला आपली सतरंजी.

परतीचा दिवस : ब्रह्मपुरी, भिवापूर, उमरेड

उशिरा उठून वैनगंगा ओलांडली. ब्रह्मपुरी, नागभीड, मग भिवापूर. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. रस्त्यालगत लाल मिरची वाळत घातलेली होती, आणि मेटाडोरच्या खिडक्या उघड्या असल्यानं उमरेडपर्यंत सगळे शिंकत होतो. दोन किलो घेतली.

अशी गाडी करू इच्छिणाऱ्यांसाठी कागदांचं थोडं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि बदल आरसीवर चढवून घ्या, नाहीतर विमाही अडतो. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे. पण ती मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे पहिल्या काळातल्या मेटाडोर आता त्या वयाला आल्यात, पण कोणी एखादी जशीच्या तशी सांभाळली असेल तर तिच्यात ओटा बसवू नये. ती तशीच राहू द्यावी. घर करायला धक्के खाल्लेल्या, बॉडी गेलेल्या गाड्या पुष्कळ आहेत.

दिघोरीच्या चौकात गर्दी लागली. काकांनी घरी न जाता गाडी सरळ वाडीच्या बॉडीवाल्याकडे घातली आणि आतला ओटा काढायला सांगितला. शेगडी आता मागच्या दारात येणार आहे, बाहेर तोंड करून, वर उचलणाऱ्या झाकणाखाली. काकूंची अट एवढीच की ओट्याची उंची त्यांच्या मापानं घ्यायची. त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि बॉडीवाल्यानं त्यांच्या कोपराजवळ पट्टी धरून खडूनं खूण केली.